वीस गुणांत मोटार भरत नाही

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, आणि मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, बीड यांस,



दिंद्रुडला माझं मोटारी भरायचं, म्हणजे वाइंडिंगचं, दुकान आहे. हाताखाली शिकायला दहावी झालेली पोरं येतात. त्यांना मी एकच विचारतो: 24 स्लॉट, 3 फेज, 2 पोल, एका पोलमागे एका फेजच्या वाट्याला स्लॉट किती? उत्तर 4. भागाकार चौथीचा, तरी पोरगं खाली बघतं. त्याच पोराला ऊसतोडीला घरच्या कोयत्यानं आगाऊ घेतलेली उचल किती, फिटली किती, हे तोंडपाठ असतं. डोकं चालतंय, साहेब.

दिवाळीच्या सुमारास आई-बाप ऊसतोडीला जातात, बरीच पोरंही सोबत जातात. परततात तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलेलं. मधे अपूर्णांक निसटला की गुणोत्तर निसटतं, आणि गुणोत्तर गेलं की ओहमचा नियम नुसता पाठ करावा लागतो.

यावर 2024 साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातून तोड निघाली: गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 गुणांवर पुढं जाऊ द्या, पण हे विषय पुढं घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर मारा. नापासाच्या धक्क्यानं शाळा सोडणारी पोरं त्यानं थांबतील, मान्य. पण आयटीआयला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन व्हायचं तर दहावीला सहसा गणित-विज्ञान लागतं. मग तो शेरा पोराला कुठं पाठवणार? उसाच्या फडातच.

विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचेही 20 गुण असतात. प्रयोगवही फळ्यावरून उतरवूनही भरते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता शिवारात सौरपंप आले. पॅनेल एकसर जोडले की व्होल्टेज वाढतं, समांतर जोडले की करंट. शाळेच्या पुस्तकातली जोडणी बांधावर उभी आहे. पोरांना मीटर घेऊन तिथं न्यायला किती खर्च येतो?

तो शेरा नको. ऊसतोडीहून परतलेल्या पोरांसाठी उन्हाळ्यात निव्वळ अपूर्णांक-गुणोत्तराचा वर्ग घ्या, शिकवणाऱ्याला मानधन द्या. सातवीपासून मल्टिमीटर पोरांच्या हातात द्या, कपाटात नको. गुरुजींच्या मागची कागदपत्रांची कामं कमी करा.

माझ्याकडे जळक्या मोटारी पडून आहेत. खोलून बघायला त्यातल्या चार शाळेला फुकट देतो. न्यायला गाडी तेवढी पाठवा.

आपला,
एक मोटार वाइंडर
दिंद्रुड, जि. बीड