चेवा-तुंबुकांचे वैर सीमा का ओलांडत नाही?

जमातीवरून, भाषेवरून राजकारण पेटले की एक उत्तर तयारच असते : माणसाचा स्वभावच तसा, आपपरभाव रक्तातच असतो. पुरावा म्हणून मानसशास्त्रज्ञ हेन्री ताय्फेल यांचा १९७० साली प्रसिद्ध झालेला ब्रिस्टलचा प्रयोग पुढे केला जातो. तुमची आवड क्लेच्या चित्रांची, त्यांची कान्डिन्स्कीच्या, एवढेच सांगून शाळकरी मुलांचे गट पाडले. मुलांनी लगेच आपल्या गटाला झुकते माप दिले. आपल्या पदरात थोडे कमी पडले तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त पडले पाहिजे, असाही कल दिसला.

प्रयोग खोटा नाही, पण त्यातून अटळ वैर कसे सिद्ध होते? गट मुलांनी पाडलेच नव्हते. ते प्रयोग करणाऱ्यांनी पाडले होते. मन गट धरायला तयार असते, इतकेच कळले. कोणता गट धरायचा, हे कोण ठरवते?

त्यासाठी मलावी आणि झांबियाकडे पाहावे. चेवा आणि तुंबुका या जमाती दोन्ही देशांत आहेत. मधली सीमा वसाहतकाळातल्या गोऱ्या अंमलदारांनी कारभाराच्या सोयीसाठी आखलेली. भाषा वेगळ्या, नाच वेगळे, लग्नातल्या देण्याघेण्याच्या रीती वेगळ्या, आणि हे वेगळेपण सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच. तरी डॅनियल पोस्नर या अभ्यासकाला सीमेलगतच्या गावांत दिसले ते असे : मलावीत दोघे प्रतिस्पर्धी, झांबियात मित्र. संस्कृतीच भांडण लावत असती, तर झांबियातही डोकी फुटली असती.

फरक संख्याबळाचा. मलावीत दोन्ही जमाती सत्तेच्या शर्यतीत उतरण्याइतक्या मोठ्या. झांबियात दोन्ही इतक्या लहान की ‘पूर्वेकडचे’ म्हणून एकत्र आल्याशिवाय त्यांना कोणी विचारत नाही.

‘म्हणजे पुढाऱ्यांनी भडकवले,’ असे म्हणणारेही अर्ध्यावरच थांबतात. मलावीचे तेव्हाचे अध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांनी १९६८ मध्ये चेवांच्या चिचेवा भाषेला राष्ट्रभाषा केले, तुंबुका भाषा रेडिओवरून घालवली, हे खरेच. त्या अन्यायाची धग मलावीच्या उत्तरेत राहिली. पण भडकवण्याचा दारूगोळा झांबियातल्या पुढाऱ्यांकडेही होता. तो उडवून मते मिळणार नव्हती.

म्हणून माझे म्हणणे असे, की ओळखीच्या राजकारणाला मनोविकार समजून प्रबोधनाचे डोस पाजण्याआधी निवडणुकीचे नियम तपासावेत. न्यायालयाच्या निकालामुळे मलावीत अध्यक्षपदासाठी निम्म्याहून अधिक मते सक्तीची झाली आणि पक्षांना आघाड्या कराव्या लागल्या. जून २०२० च्या फेरनिवडणुकीत तुंबुकाबहुल उत्तरेने लाझारस चक्वेरा यांना भरभरून मते दिली. चक्वेरा चेवाबहुल मध्य प्रांतातले, आणि त्यांचा पक्ष बांडांचाच.