बांधाची उंची आणि खालची वस्ती

धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ रोजी अमलात आला, तेव्हा मी त्याचे स्वागत केले होते. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा आणि या साऱ्याची जबाबदारी धरणाच्या मालकावर, हे उचितच होते. परंतु हा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना आणि विशिष्ट अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांनाच लागू होतो. शेतकऱ्याने स्वतःच्या शिवारात घातलेला आठ मीटरचा मातीचा बांध त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

अशा खासगी बांधांचा धोका काल्पनिक नाही. मे २०१८ मध्ये केनियातील सोलाई येथे एका मळ्यातील धरण फुटून चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दक्षिण आफ्रिकेत ५ मीटरहून उंच व ५० हजार घनमीटरहून अधिक साठ्याच्या धरणाची नोंदणी मालकाला करावीच लागते.

लहान शेतकऱ्यावर परवान्यांचे जोखड लादावे, असे मी म्हणणार नाही. मात्र बांधाखाली वस्ती असेल, तर उंची कितीही असो, नोंदणी सक्तीची असावी. आणि तपासणीसाठी अभियंता सरकारने विनामूल्य द्यावा. जबाबदारी मालकाची खरी, पण ती पेलण्याचे बळ त्याला कोणी तरी द्यायला हवे.