खजिन्याचें कुलूप

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १ ऑक्टोबर २०२५ रोजीं सरकारचा बराचसा कारभार बंद पडला, आणि १२ नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत, म्हणजे ४३ दिवस, तो बंदच राहिला. परचक्र आलें नव्हतें, भूकंप झाला नव्हता, खजिनाही रिकामा नव्हता. नव्या आर्थिक वर्षाच्या खर्चास मंजुरी देणारा ठराव दोन पक्षांच्या भांडणांत अडकला, एवढेंच कारण. जगांतील अत्यंत धनाढ्य राष्ट्राच्या कचेऱ्यांस एका ठरावावांचून कुलूप लागावें, हें आमच्या विद्यार्थ्यांस चमत्कारिक वाटेल. पालकांस कदाचित् तितकें वाटणार नाहीं. घरखर्चावरून धरलेला अबोला किती दिवस चालतो, हें त्यांस ठाऊक असतें.

त्या देशाच्या घटनेप्रमाणें काँग्रेसनें (हें तेथील कायदेमंडळाचें नांव, आपल्याकडील पक्षाशीं त्याचा संबंध नाहीं) मंजुरी दिल्यावांचून खजिन्यांतून एक डॉलरही काढतां येत नाहीं. नियम उत्तम आहे. प्रजेचा पैसा राजानें मनास येईल तसा उधळूं नये, म्हणून इंग्लंडांतील लोकांनीं जो दीर्घ झगडा केला, त्याचेंच तें फळ होय. परंतु मंजुरी वेळेवर न मिळाल्यास काय व्हावें, हें घटनेंत सांगितलेलें नाहीं. पूर्वीं अशा वेळीं कचेऱ्या बहुधा चालूच राहत. १९८० व १९८१ सालीं तेव्हांचे अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनीं जुन्या कायद्याचा अर्थ लावून सांगितलें कीं, मंजुरी नसेल तर जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणाचीं आणि तत्सम कांहीं कामें सोडून बाकीचें काम थांबविलेंच पाहिजे. हेतु शिस्तीचा होता. परिणाम असा झाला कीं, पक्षांच्या हातीं एक हत्यार आलें. १९९५-९६ मध्यें २१ दिवस, २०१३ मध्यें १६, २०१८-१९ मध्यें ३५, आणि २०२५ मध्यें ४३! १९७४ सालीं अंदाजपत्रकाची नवी पद्धति कायद्यानें घालून दिल्यापासून वर्षाचे सर्व खर्चाचे ठराव वेळेवर मंजूर झाले, असें अवघें चार वेळां घडलें आहे. शेवटचें १९९६ सालीं.

भांडण कशाचें? रिपब्लिकन पक्ष म्हणतो, कर वाढूं देणार नाहीं. डेमोक्रॅटिक पक्ष म्हणतो, वृद्धांच्या व गरिबांच्या मदतीस हात लावूं देणार नाहीं. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणूनच हें भांडण मिटण्यास कठीण. करांचा बोजा फार झाला तर उद्योग मंदावतो. मदत तोडली तर कोणी तरी म्हातारा औषधावांचून राहतो. पण करही नको आणि कपातही नको, असें म्हटल्यावर उरतें तें कर्ज. ऑक्टोबर २०२५ मध्यें त्या राष्ट्राचें कर्ज ३८ लाख कोटि डॉलरांच्या वर गेलें. २०२४ च्या आर्थिक वर्षांत नुसत्या व्याजापायीं जेवढी रक्कम गेली, ती सैन्यावरील खर्चाहूनही अधिक होती. म्हणजे भांडणारे दोन्ही पक्ष एका गोष्टींत मात्र एकमतानें वागतात: बिल पुढच्या पिढीच्या नांवें लिहितात. ती पिढी आज शाळेंत आहे व तिला मत नाहीं.

याहूनही विलक्षण प्रकार कर्जाच्या मर्यादेचा. ही मर्यादा पहिल्या महायुद्धाच्या वेळीं, १९१७ सालीं, प्रथम कायद्यांत आली. खर्च आधींच मंजूर होऊन गेलेला असतो. प्रश्न एवढाच कीं, तो भागविण्यासाठीं कर्ज काढूं द्यावयाचें कीं नाहीं. वाण्याकडून महिनाभर उधारीवर माल आणावा, खाऊन संपवावा, आणि बिल आल्यावर काटकसरीवर व्याख्यान द्यावें, त्यांतलाच हा मासला! २०११ सालीं ही ताणाताण इतकी झाली कीं, ५ ऑगस्ट रोजीं स्टँडर्ड अँड पुअर्स या संस्थेनें अमेरिकेची सर्वोच्च पत प्रथमच एक पायरी खालीं आणली. पुढें २०२३ व २०२५ सालीं अशाच दुसऱ्या दोन संस्थांनींही तिचें अनुकरण केलें.

आणि हाल कोणाचे होतात? त्या ४३ दिवसांत विमानांस आकाशांत मार्ग दाखविणारे नियंत्रक पगारावांचून कामावर जात होते. अखेर सुमारें ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणें कमी करण्याचा हुकूम निघाला. सुमारें चार कोटि लोकांस धान्यासाठीं मिळणारी मदत नोव्हेंबरांत रखडली. काँग्रेसच्या सभासदांचा पगार मात्र एक दिवसही थांबला नाहीं. त्याची तरतूद कायमची आहे! बरें, एवढें करून पैसा वांचतो म्हणावें, तर तेंही नाहीं. कचेरी उघडल्यावर घरीं बसविलेल्या नोकरांनाही मागील पगार देणें २०१९ च्या कायद्यानें ठरलें आहे. २०१८-१९ च्या बंदमुळें राष्ट्राच्या उत्पन्नाची ३०० कोटि डॉलरांची कायमची हानि झाली, असा काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कचेरीनें हिशेब दिला आहे. २०२५ चा बंद आरोग्यविम्याच्या मदतीसाठीं झाला. कुलूप निघालें त्या ठरावांत ती मदत नव्हतीच.

त्या लोकांस समेट करतां येत नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. १९८३ सालीं वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा निधि आटत चालला, तेव्हां रिपब्लिकन अध्यक्ष रेगन व डेमोक्रॅटिक सभापति ओनील या कट्टर विरोधकांनीं मिळून मार्ग काढला. कर वाढले, आणि पूर्ण वेतनाचें वय हळूहळू ६५ वरून ६७ वर नेण्याचें ठरलें. दोन्ही पक्षांस नावडतें औषध सारखेंच प्यावें लागलें. १९९० सालीं अध्यक्ष थोरले बुश यांनीं, नवे कर बसविणार नाहीं हें आपलें निवडणुकींतील वचन बाजूस ठेवून, विरोधकांशीं करार केला. १९९८ पासून चार वर्षें सरकारी खजिन्यांत शिल्लक पडली, तींत या कराराचाही वांटा होता. पण बुश १९९२ ची निवडणूक हरले, व तो धडा त्यांच्या पक्षानें पाठ केला. २०१० सालीं सिंप्सन व बोल्स यांच्या मंडळानें कर आणि कपात या दोहोंची योजना मांडली. १८ पैकीं १४ मतें हवीं होतीं, ११ मिळालीं. मतदारच समेट करणाऱ्यास घरीं बसवितो, तर पुढाऱ्यानें समेट कां करावा? आमच्या मतें रोगाचें मूळ येथें आहे.

आपल्याकडे असें कुलूप सहसा लागत नाहीं. घटनेच्या ११६ व्या अनुच्छेदाप्रमाणें लोकसभा लेखानुदान देऊन कांहीं काळची सोय करते, आणि मंत्रिमंडळास खर्चाची मंजुरी मिळाली नाहीं तर त्यास खुर्ची सोडावी लागते. मात्र यावरून आपण फुशारकी मारूं नये. आपला दोष उलट दिशेचा आहे: मार्च २०२३ मध्यें सुमारें ४५ लाख कोटि रुपयांच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेनें गोंधळांतच, चर्चेवांचून मंजूर केल्या.

अमेरिकेपुरता उपाय दूर शोधावयास नको. तेथील विस्कॉन्सिन संस्थानांत नवें अंदाजपत्रक मंजूर न झाल्यास जुन्याच प्रमाणानें खर्च चालूं राहतो, व कचेरीचें दार बंद होत नाहीं. सबंध राष्ट्रासाठीं असाच नियम करावा, असे ठराव काँग्रेसपुढें वेळोवेळीं आले आहेत. २०२५ चा बंद सुरू झाला, तेव्हां त्यांतील एकही कायदा झालेला नव्हता.