कंपवात आणि मन

मनुष्याच्या मुद्रेवरून त्याचें मन ओळखावें, असा आपला सर्वांचा परिपाठ आहे. कंपवाताच्या रोग्यापुढें मात्र हा परिपाठ फसतो, आणि त्याची शिक्षा निष्कारण त्या रोग्यास भोगावी लागते.

आमच्या वडील बंधूंस हा विकार जडला, तेव्हां त्यांचा हात कांपे याचें आम्हांस दुःख होई. पण नातू पुढ्यांत येऊन नाचला तरी त्यांच्या मुद्रेवर स्मित उमटत नसे, याचा राग येई. प्रश्न विचारावा, तर उत्तर नाहीं. दादा अलीकडे तुटक झाले, असें समजून आम्हीं त्यांस कांहीं विचारावयाचेंच सोडलें. पुढें डॉक्टरांनीं सांगितलें कीं, या रोगानें मुद्रेचे स्नायूही मंदावतात. आंतील माया आटलेली नसते. त्या दिवशीं आम्हांस आमचीच लाज वाटली.

लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां रोग्याची बुद्धि अबाधित राहते असें त्यांचें मत होतें. आज तें मत टिकलेलें नाहीं. मेंदूंतील डोपामीन नामक द्रव्य घटून हालचाल मंदावते, तशी कित्येकांच्या विचाराची गतिही मंदावते; खिन्नता, धास्ती व निरिच्छता अनेकांस ग्रासतात. कित्येकदां तर खिन्नता कंपाच्या आधींच येते. तेव्हां ती मनाचा दुबळेपणा नव्हे, रोगाचेंच अंग होय. आणि तिजवर समुपदेशन व औषध हे दोन्ही उपाय आहेत.

घरच्यांनीं एका वेळीं एकच प्रश्न विचारावा व उत्तराची वाट पाहावी; रोग्याचें वाक्य आपण पुरें करूं नये. चालतांना त्यास बोलण्यांत गुंतवूं नये, कारण दोन्हीकडे लक्ष देतां देतां तोल जातो. नसलेलीं माणसें दिसूं लागलीं, किंवा जुगाराची वा उधळेपणाची नवीच ओढ लागली, तर रागावूं नये व झांकूनही ठेवूं नये. हा कित्येकदां औषधाचाच परिणाम असतो; डॉक्टरांस कळवावें, पण औषध आपल्या मतानें बंद करूं नये. शुश्रूषेचा भारही एकट्या सुनेवर टाकूं नये; तिचेंही मन थकतें.

परवां नातवाच्या मुंजीची बोलणीं चाललीं होतीं. आम्ही म्हणालों, "दादा, मुहूर्त केव्हांचा धरावा?" आणि थांबलों. बऱ्याच वेळानें ते म्हणाले, "चैत्रांत नको. त्याची परीक्षा असेल."

घरांत इतकीं माणसें, पण हें एकासही सुचलें नव्हतें.