घोंघावणारे चाक

चांदूर बाजारहून अमरावतीकडे निघालेली गाडी वेशीबाहेर पडून साठच्या वेगाला लागली की कधी कधी तळातून एक घूं-घूं उमटू लागते. वेग वाढला की ती चढते, उतरला की विरते. घरधनी प्रथम रस्त्याला दोष देतो, मग टायरला; शेवटी काचा वर करून रेडिओ लावतो. आवाजाची सवय होते, आणि खरा धोका तेथून सुरू होतो. चाकाचे बेअरिंग सहसा एकाएकी दगा देत नाही. ते आधी बरेच दिवस सांगत असते.

बंडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या पिढीला हे वेगळे समजावून सांगावे लागत नसे. चाक करकरले की गाडीवान उतरत असे. आजच्या मोटारीत आस आणि चाक यांच्यामध्ये दोन पोलादी कड्या, त्यांत गोळ्यांच्या दोन ओळी आणि कायमचे बंद केलेले ग्रीस असते. बग्गीच्या आसात गोळ्या बसविण्याचे पेटंट वेल्समधील फिलिप वॉन याने १७९४ मध्ये घेतले होते. कल्पना म्हणजे मोटारीहून जुनी. या बंद बेअरिंगात वरून वंगण घालता येत नाही. पावसाळ्यात रपट्यावरचे पाणी सीलमधून आत शिरले, खड्ड्यांचे धक्के बसत राहिले, की गुळगुळीत पोलादावर बारीक खवले उठतात. त्यात व्यापारी घरातील मोटार ही केवळ कुटुंबाची नसते. सकाळी मुले शाळेत सोडणारी गाडीच दुपारी तुरीची पोती किंवा संत्र्याच्या पेट्या वाहते, आणि मागच्या चाकांना तो हिशेब चुकता करावा लागतो.

दोष बेअरिंगचाच आहे, हे ठरविणे मात्र घाईचे काम नव्हे. मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये घालून वाहू दिली आणि आवाज तसाच राहिला, तर इंजिनाचा संशय मिटतो. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर येताच आवाजाचा पोत बदलला, तर टायर तपासावा. पुढचे टायर मागे बसवून आवाजही मागे गेला, तर निकाल लागलाच. सौम्य वळणावर आणखी एक खूण मिळते. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा घूं-घूं वाढली तर बहुधा उजवीकडचे बेअरिंग झिजलेले असते. बहुधा, कारण पत्र्यातून आवाज फिरतो आणि कान फसतो.

म्हणून पुढची परीक्षा हाताची. गाडी सपाट जागी जॅकवर घेऊन, खाली भक्कम टेकू देऊन, चाक वर आणि खाली धरून हलवावे. खटखट जाणवली तर दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. खटखट थांबली तर बेअरिंग. चालूच राहिली तर बॉल जॉइंटकडे पाहावे. मग एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवावे. वाळूवरून जात्याची पाळ फिरावी तशी थरथर बोटांना कळते, आणि ती कानापेक्षा खरी असते.

दुरुस्ती म्हणजे बदलणेच. अनेक लहान मोटारींत पुढचे बेअरिंग नकलमध्ये घट्ट दाबून बसविलेले असते. ते प्रेस मशीनवरच काढावे व बसवावे. हातोड्याने ठोकलेले नवे बेअरिंग बसताक्षणीच जखमी होते: गोळ्यांचे ठसे कड्यांवर उमटतात आणि थोड्याच दिवसांत तोच आवाज परत येतो. नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या कडीवर हवा. हब बसविताना आतल्या कडीला आधार हवा. काही बेअरिंगांच्या एका बाजूला एबीएससाठी चुंबकीय पट्टी असते. ती सेन्सरकडेच यावी. मधला मोठा नट नवा घ्यावा आणि गाडीच्या पुस्तिकेतील मापानुसार टॉर्क रेंचने आवळावा, अंदाजाने नव्हे. जुन्या जीपच्या पुढच्या चाकांत शंकूच्या आकाराच्या रोलरची जोडी असे. ती धुऊन, ग्रीस भरून, नट किंचित सैल करून पुन्हा चालत असे. ती सोय नव्या मोटारीत नाही.

पुढे ढकलणाऱ्याचे काय होते? ढिले चाक डगमगते, डिस्क ब्रेकचे पॅड मागे सारते, आणि पेडल पहिल्या दाबाला खोल जाते. परतवाड्याहून मुक्तागिरीला किंवा चिखलदऱ्याच्या घाटात आजी-आजोबांसह निघालेल्या गाडीत हे व्हावे, असे कोणालाच वाटणार नाही. शेवटी हब तापतो, आणि चाक जाम होण्यापर्यंत किंवा निखळण्यापर्यंत वेळ येते.

काम झाल्यावर मिस्त्रीकडून जुने बेअरिंग मागून घ्यावे. पुसून, दोन बोटांत धरून ते हळू फिरवावे. खरखर लागली, आतल्या वाटेवर खवले दिसले, तर पैसे योग्य ठिकाणी गेले. ते लोण्यासारखे फिरले, तर गाडी घेऊन त्याच अमरावती रस्त्यावर पुन्हा जावे, या वेळी काचा खाली करून.