वाटा हवा, वाटप नको

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे १९,६५० कोटी रुपये, वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता आणि सारे टप्पे पूर्ण झाल्यावर नऊ कोटींचे लक्ष्य! महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असेच हे काम आहे. विकासाचे नाव काढताच न्यायालयाची पायरी चढणाऱ्या मंडळींच्या सुरात सूर मिसळण्याचे येथे प्रयोजन नाही. विमानतळ हवा होता आणि तो झाला, हे उत्तमच झाले.

प्रश्न निराळाच आहे. हल्ली प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात एक शब्द हमखास आढळतो. तो शब्द म्हणजे ‘भागीदारी’. स्थानिक समाजाशी भागीदारी, पर्यावरणाशी भागीदारी, महिला बचत गटांशी भागीदारी. शेजारी वृक्षारोपणाचे, शिलाई यंत्रांच्या वाटपाचे, शाळकरी मुलांच्या हाती दिलेल्या दप्तरांचे रंगीत छायाचित्र. यातील एकही गोष्ट वाईट नाही. परंतु तिला भागीदारी म्हणावे काय? ज्या व्यवहारात एकाचा हात सदैव वर आणि दुसऱ्याचा सदैव खाली, त्याला मराठीत भागीदारी म्हणत नाहीत, वाटप म्हणतात.

कोणाच्या भूमीवर?

हा विमानतळ ओसाड माळावर उभा राहिलेला नाही. १,१६० हेक्टरच्या या परिसरासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली यांसारखी दहा गावे उठली. सुमारे तीन हजार कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडली. सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला, खाडीकाठची खारफुटी गेली. गाव उठते तेव्हा केवळ भिंती पडत नाहीत. गावदेवीचे देऊळ, स्मशान, होळीचे मैदान आणि होड्या ओढण्याचा काठ हे सारेच सोडावे लागते.

या भूमीला त्यागाचा इतिहासही आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नव्या शहराचा आराखडा आखला गेला. भाताची शेती आणि मिठागरे कवडीमोलाने गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी रस्त्यावर उतरला, तेव्हा उरण परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना जन्मली. विमानतळाच्या वेळी तेच प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले. दि. बा. शेतकरी कामगार पक्षाचे होते, त्यांचा विचार निराळा होता. परंतु जो माणूस आपल्या मातीसाठी ठाम उभा राहतो, त्याचे ऋण पक्षाच्या भिंतीपलीकडे जाऊन मान्य करावे लागते. विमानतळाला त्यांचे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये केला, तो याच भावनेतून.

मात्र नाव देणे म्हणजे ऋणमुक्त होणे नव्हे. दि. बां.नी आयुष्यभर नाव मागितले नाही, वाटा मागितला.

नफ्यानंतरचे दान

आता कायदा काय सांगतो ते पाहू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. यालाच ‘सीएसआर’ म्हणतात आणि माहितीपत्रकांतील बहुतेक ‘भागीदारी’ याच पैशातून घडते.

येथेच खरी मेख आहे. नवा विमानतळ हा कर्जाचा डोंगर घेऊन उभा राहतो. नवी मुंबईसाठी एकट्या स्टेट बँकेने २०२२ साली १२,७७० कोटींच्या कर्जाची हमी उचलली. व्याज आणि घसारा वजा जाता अशा प्रकल्पाला पहिली काही वर्षे नफा दिसणे कठीण. मग शून्याचे दोन टक्के किती? ज्या वर्षांत विस्थापित तरुण नवी वाट शोधत असतो, ज्या वर्षांत खाडीतील कोळ्याचे जाळे रिकामे येते, नेमक्या त्याच वर्षांत कायद्याने बांधलेली मदत शून्यावर येऊ शकते. पुढे नफा झाला, तरी तो पैसा कोठे खर्च करायचा हे ठरवणार कंपनीचे संचालक मंडळ. गावाने फक्त आभार मानायचे.

कोळ्यांच्या होडीवर यापेक्षा न्याय्य हिशेब चालतो. मासळी आली की वाटे पडतात: होडीचा, जाळ्याचा आणि राबणाऱ्या प्रत्येक माणसाचा. होडीमालक आधी आपल्या कर्जाचा हप्ता भागवून, उरले तर खलाशाला देऊ, असे म्हणत नाही. जे आले त्यातच वाटा असतो. सुटाबुटातल्या अर्थशास्त्राला जे सुचले नाही, ते खाडीकाठच्या अशिक्षित म्हणवल्या जाणाऱ्या समाजाने कधीच आचरणात आणले आहे.

मार्ग समोरच आहे

असा वाटा विमानतळाच्या बाबतीत शक्य आहे काय? निःसंशय शक्य आहे. या विमानतळाच्या कंपनीत ७४ टक्के हिस्सा अदानी समूहाकडे, तर २६ टक्के हिस्सा सिडकोकडे आहे. शिवाय २०१७ च्या निविदेत सिडकोला उत्पन्नातील १२.६० टक्के वाटा देऊ करणारी बोली स्वीकारली गेली. हा वाटा नफ्यातील नाही, उत्पन्नातील आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. सिडको ही सार्वजनिक संस्था. तिच्या हाती आलेली भूमी या गावांची. तेव्हा सिडकोला मिळणाऱ्या उत्पन्नाचा एक निश्चित भाग, समजा दहावा हिस्सा, कायद्याने या गावांसाठी आणि खाडीसाठी राखून ठेवण्यास अडचण कोणती?

याला पूर्वोदाहरणही आहे. २०१५ साली खाण व खनिज कायद्यात दुरुस्ती करून केंद्र शासनाने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निर्माण केली. खाणमालकाने स्वामित्वधनाच्या प्रमाणात ठराविक रक्कम तेथे भरायची आणि ती खाणबाधित भागासाठीच वापरायची. मालकाला नफा झाला की तोटा, हा प्रश्नच तेथे येत नाही. जो न्याय खनिजाला, तो विमानतळाला का नाही? टेकडी खाणीसाठी फोडली काय आणि धावपट्टीसाठी फोडली काय, पायथ्याच्या गावाला धूळ सारखीच.

केरळातील कोची विमानतळाकडेही पाहावे. १९९९ साली सुरू झालेल्या या विमानतळासाठी हजारो अनिवासी भारतीयांनी भागभांडवल दिले आणि जमीन गेलेल्या कुटुंबांना तेथील टॅक्सी व्यवसायात सहकारी संस्थेच्या मार्गाने स्थान मिळाले. २०१५ साली संपूर्ण सौर विजेवर चालणारा विमानतळ म्हणून त्याने जगात नाव मिळवले. सौर पट्ट्यांखाली तेथे भाजीपालाही पिकतो. पण ऑगस्ट २०१८ च्या महापुरात हाच विमानतळ दोन आठवडे पाण्यामुळे बंद पडला. पुरस्कार मिळाले म्हणून नदी आपली वाट विसरत नाही, हा त्यातील धडा उलवे नदी वळवणाऱ्यांनीही गिरवावा.

पक्ष्यांचा हिशेब

पर्यावरणाशी भागीदारी ही तर दया नव्हे, सरळ स्वार्थ आहे. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ साली घोषित झाले आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. भरतीच्या वेळी खाडीतील चिखलपट्टे बुडाले की हे पक्षी नेरुळ, उरण भागातील पाणथळींवर विसाव्याला येतात. त्या पाणथळी बुजवल्या, त्यांचे भरतीचे पाणी तोडले, तर पक्षी कोठे जातील? जेथे मोकळी, सपाट, निर्मनुष्य जागा दिसेल तेथे; म्हणजे धावपट्टीच्या दिशेने. विमान आणि पक्षी यांची टक्कर किती भयंकर ठरू शकते, हे सांगण्यासाठी तज्ज्ञ नको. २०२४ साली नेरुळच्या डीपीएस तलावाकाठी रोहित मृत आढळले, पाणी अडल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा कोठे शासनयंत्रणा हलली. पाणथळी राखणे हा विमानसुरक्षेचाच खर्च आहे, हे एकदा मान्य केले की त्यासाठी हात पसरावा लागणार नाही.

‘याने तिकीट महागेल’, अशी ओरड होईल. होणार नाही, कारण हा वाटा सिडकोच्या उत्पन्नातून जावयाचा आहे, प्रवाशाच्या खिशातून नव्हे. ‘भूखंड दिले, आता आणखी काय?’ असेही विचारले जाईल. भूखंड ही जमिनीची किंमत झाली. रोज डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचा आवाज, गेलेली मासळी आणि पुराची टांगती तलवार यांची किंमत अद्याप कोणी मोजलेली नाही.

म्हणून राज्य शासनाने या निधीचा कायदा करावा. त्याच्या व्यवस्थापनात उठलेल्या गावांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत, पक्षी आणि खाडी यांचे अभ्यासक असावेत आणि दरवर्षीचा जमाखर्च गावाच्या सभेत मराठीतून वाचला जावा. आगरी-कोळी समाज दारी आलेला याचक नाही. ज्या अंगणात ही विमाने उतरतात, त्या अंगणाचा तो धनी आहे. धन्याला वाटप करायचे नसते. त्याचा वाटा त्याच्या हाती ठेवायचा असतो.