गाडी तापते तेव्हा पंख्याकडे बघा

अमावास्येच्या दिवशी मुरगूडहून आदमापूरकडे जाणारा रस्ता पाहिला की वाहनांची संख्या किती वाढली, हे आकडेवारीशिवायही कळते. बाळूमामांच्या दर्शनाला निघालेल्या गाड्यांची रांग लागते. एसी सुरू, वेग नावाला आणि वर कडक ऊन. हंगामात याच देवगड-निपाणी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे असेच रांगत जावे लागते. अशा वेळी एखादी गाडी बॉनेट उघडून, वाफा सोडत कडेला उभी दिसतेच. लोक म्हणतात, ‘रेडिएटर गेला.’ पण पुष्कळदा रेडिएटर धडधाकट असतो. थांबलेला असतो तो पंखा.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाची साधारण चौथा ते तिसरा हिस्सा ऊर्जाच चाके फिरवण्याच्या कामी येते. उरलेली उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि कूलंटमधून बाहेर पडते. गाडी हमरस्त्यावर वेगात असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, पंख्याची फारशी गरज लागत नाही. म्हणून पंखा बंद पडल्याचे कागल-कोल्हापूर प्रवासात कळतही नाही; ते कळते गर्दीत किंवा फोंडा घाट चढताना. हमरस्त्यावर काटा जागेवर आणि गर्दीत मात्र वर चढतो, तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा.

स्पोर्ट्स कारमध्ये हा प्रश्न आणखी अवघड होतो. २०१२च्या ऑटो एक्स्पोत सादर झालेली दिलीप छाब्रिया यांची ‘डीसी अवंती’ अनेकांना आठवत असेल. तिचे इंजिन पुढे नव्हते, सीटच्या मागे होते. पोर्शच्या बॉक्सस्टर आणि केमन या गाड्यांची रचनाही तशीच. इंजिन मागच्या बंदिस्त कप्प्यात आणि रेडिएटर पुढे. त्यामुळे कूलंट थंड राहिले तरी कप्प्यातली गरम हवा कोंडते. ती बाहेर काढायला इंजिनच्या कप्प्यासाठी वेगळा पंखा असतो. गाडी बंद केल्यावर कूलंट फिरायचे थांबते, पण तापलेल्या धातूतली उष्णता तिथेच असते. म्हणून चावी काढल्यानंतरही हा पंखा काही मिनिटे फिरू शकतो. तो बिघडला तर तापमानाचा काटा जागेवर असतानाही डॅशबोर्डवर सूचना येते. काटा ठीक आहे म्हणून तिकडे दुर्लक्ष केले, तर त्या उष्णतेने आजूबाजूच्या वायरी, रबरी पाइप आणि प्लास्टिकचे भाग कडक होऊन तडकतात.

बिघाड शोधण्याची रीत मात्र साध्या हॅचबॅकला आणि महागड्या स्पोर्ट्स कारला जवळपास एकच. आधी फ्यूज पाहावा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपियरचा बसवावा. तोही उडाला, तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी शॉर्ट आहे. मग रिले, शेजारचा त्याच प्रकारचा रिले अदलाबदल करून पाहिला की उत्तर मिळते. त्यानंतर मोटरला बॅटरीवरून थेट बारा व्होल्ट देऊन पाहायचे. फिरली, तर मोटर चांगली आहे आणि दोष मागे वायरीत, कनेक्टरमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा तापमान सांगणाऱ्या सेन्सरमध्ये आहे. न फिरली, तरच नवी मोटर. हा क्रम सोडून थेट महागडा भाग बदलला, तर पैसे जातात आणि दुखणे तसेच राहते.

याहून धोक्याचा उपाय म्हणजे ‘पंखा डायरेक्ट करून देतो’. तपासणीपुरती थेट वीज देणे वेगळे. फ्यूज वगळून कायमची वायर ओढणे वेगळे. हा पंखा वीस-तीस अँपियर ओढू शकतो. बारीक वायर तेवढ्या प्रवाहाने तापते, वितळते आणि गाडी पेट घेऊ शकते.

यात सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारणे बरोबर नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि गाड्यांमधले सेन्सर, संगणक वाढले. बिघाडाचा कोड वाचायचा तर स्कॅनर हवा, वायरिंगचा नकाशा हवा. मुरगूडसारख्या गावातल्या गॅरेजवाल्याच्या हातात दोन्ही असतीलच असे नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्रही आहे. दुरुस्तीची माहिती कंपनीच्या शोरूमपुरती राहू नये, हा त्यामागचा विचार. तो गावच्या गॅरेजपर्यंत पोहोचला तर अंदाजाने होणारी दुरुस्ती कमी होईल.

तोवर चालकाने स्वतःला जपावे. काटा चढला तर एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद करा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आत दाब असल्याने कूलंट शंभर अंशांच्या वरही द्रव राहते; झाकण फिरताच दाब सुटतो आणि ते उकळून तोंडावर उडते. भाजलेच तर त्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा, टूथपेस्ट किंवा हळद लावू नका आणि डॉक्टर गाठा. इंजिन बंद असले तरी पंखा अचानक फिरू शकतो, म्हणून बोटे आणि ओढणी-उपरणे दूर ठेवा. सांडलेले कूलंट पाण्याने पातळ करून पुसून घ्या. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. लहान मुले आणि कुत्री-मांजरे त्याला भुलतात.

घाटात किंवा यात्रेला निघण्याआधी अंगणातच गाडी सुरू ठेवून एसी लावा आणि बॉनेटजवळ कान द्या. बहुतेक साध्या गाड्यांत रेडिएटरचा पंखा लगेच घरघरू लागतो. तो आवाज आला नाही, तर आधी गॅरेज गाठा, मग प्रवासाला निघा.